टोपीतली पांढरी

२०२५च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कबूतरखान्यांवरून केवढं रान पेटलं होतं, आठवतंय ना? टीव्हीवर सारखं तेच. दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकलेला. एका बाजूला ‘मुक्या जिवांना उपाशी मारू नका’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘आमच्या फुप्फुसांचं काय?’ असं विचारणारे. आमच्या सांगलीच्या घरात मात्र त्या बातम्या लागल्या की अप्पा, म्हणजे माझे सासरे, रिमोट मागून घ्यायचे आणि टीव्ही बंद करून टाकायचे. कारण भांडणारे हे दोन्ही पक्ष आमच्याकडे एकाच माणसाच्या अंगात राहत होते. कबुतरावर जीव लावणारे अप्पाच आणि कबुतरापायी छाती धरलेलेही अप्पाच!

सुरुवातीपासून सांगते.

१५ ऑगस्ट २०२२. अमृतमहोत्सवाची धामधूम होती. आमच्या घराजवळच एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या हस्ते पांढरी कबुतरं उडवली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे एक पांढरं कबूतर अंग फुगवून बसलेलं दिसलं. एका पंखाची पिसं उपटलेली, मांजराच्या तावडीतून सुटलं असावं. हुसकलं तर उडेना, उलट माझ्याच पायाशी आलं. मी म्हटलं, “अगंबाई, हे आता सगळीकडे घाण करणार. खाली वॉचमनकडे द्यावं.”

तेवढ्यात अप्पा खुर्चीतून उठले. ही गोष्ट आमच्या घरात साधी नव्हती. २०२०च्या सप्टेंबरमध्ये माझ्या सासूबाई कोरोनाने गेल्या. अॅम्ब्युलन्स आली, त्या चालत जाऊन आत बसल्या, त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून अप्पांचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘वाढू नकोस’ एवढ्यावर आलं होतं. बँकेत सगळी हयात घालवलेला, चारचौघांत रमणारा माणूस. पण दिवसच्या दिवस भिंतीकडे बघत बसायचा. त्यांनी दोन्ही हातांनी अलगद ते कबूतर उचललं आणि म्हणाले, “राहू दे गं. दोन दिवस.”

ते दोन दिवस अडीच वर्षं चालले!

मी एका वस्तीत बायकांच्या बचत गटाचं काम बघते. तिथल्या एका मावशींच्या पत्र्याच्या घरावर कबुतरांचं मोठं खुराडं आहे, आधी त्यांच्या मालकांचं, आता मुलांचं. एरवी मी त्यांना पासबुक, हप्ते, व्याज समजावून सांगणार. त्या दिवशी मीच वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्या म्हणाल्या, “ताई, ह्ये रानातलं पाखरू न्हाई, खुराड्यातलं हाय. ह्येला आयता दाना खायची सवं. वर सोडलं म्हंजी सुटलं न्हवं, मेलंच समजा.”

माझा चेहराच उतरला. इमारतींच्या छज्जावर घुमणारे राखाडी पारवे आणि माणसाच्या हातावर वाढलेलं कबूतर, मुळात जात एकच. पण पारव्याला दाणा कुठे शोधायचा, ससाणा आला की कुठे दडायचं, हे कळतं. पाळलेल्याला ते कुणी शिकवलेलंच नसतं. त्यात पांढरा रंग म्हणजे शिकाऱ्याला लांबून दिसणारा. घरी परतायला शिकवलेल्या टपाली कबुतराची गोष्ट वेगळी. पण बाजारातून आणून समारंभात सोडलेली ही बिचारी आपल्या टाळ्या संपायच्या आत वाट चुकलेली असतात. त्या दिवसापासून कुठल्याही कार्यक्रमाच्या आखणीत कबुतरांचा विषय निघाला की मी पहिला हात वर करते. फुगेसुद्धा नकोत, फुलं द्या म्हणते.

मावशींनी मला पथ्यपाणी लिहून दिलं. म्हणजे त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ज्वारी, बाजरी, मका, मसूर, वाटाणा असं मिसळून द्यायचं. पोळीचे तुकडे आणि शेव-फरसाण अजिबात नाही. दात नसतात, म्हणून पोटात दाणा दळायला बारीक खडे लागतात. ते आणि शिंपल्यांचा चुरा वाटीत ठेवायचा. पाण्याचं भांडं खोलगट हवं, कारण कबूतर चिमणीसारखं घोट घेऊन मान वर करत नाही, चोच बुडवून सरळ ओढून पितं. आणि आठवड्यातून दोनदा परातीत अंघोळ!

अप्पांनी हे सगळं बँकेच्या शिस्तीत सुरू केलं. सात वाजता दाणे, अकराला परात. महिन्याभरात पिसं भरून आली. गॅलरीचं दार उघडं असायचं, पण ‘पांढऱ्या’ समोरच्या गच्चीपर्यंत चक्कर मारून परत अप्पांच्या खांद्यावर हजर. हो, आम्ही त्याला पांढऱ्याच म्हणायचो, नर समजून. अप्पा पेपर वाचायला बसले की हा पेपरवर येऊन बसणार. त्यांच्या भुवईचा एकेक केस चोचीने विंचरल्यासारखा करणार. मी चहा घेऊन जवळ गेले की गळा फुगवून गुरगुरणार, वर पंखाचा फटका मारणार! कबुतरं जोडी जमवतात ती सहसा आयुष्यभराची, आणि माणसात वाढलेलं कबूतर कधीकधी माणसालाच जोडीदार मानतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमचे हे हसून म्हणायचे, “तुला सवत आली नाही, पण सासू परत आली.”

आणि अप्पा बोलायला लागले. आधी त्याच्याशी, मग त्याच्याबद्दल आमच्याशी. वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले. जेवताना आम्हाला ऐकवायचे की अकबर बादशहाकडे वीस हजारांवर कबुतरं होती आणि कबुतरं उडवण्याला तो ‘इश्कबाजी’ म्हणायचा, असं अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त लिहून ठेवलंय. ओडिशाच्या पोलिसांनी १९४६मध्ये लष्कराची कबुतरं घेऊन टपालसेवा सुरू केली आणि १९८२च्या महापुरात बांकी गावाचा संपर्क तुटला तेव्हा त्याच कबुतरांनी निरोप पोचवले. “आपल्याकडे २०१९च्या पुरात मोबाइल बंद पडले होते, तेव्हा असती चार कबुतरं तर?” असं म्हणून ते माझ्या लेकाकडे बघायचे. तीन वर्षं आजोबांशी दोन वाक्यं न बोललेला माझा लेक त्यांच्याशी वाद घालायला लागला. मला आणखी काय हवं होतं?

एके दिवशी सकाळी अप्पांची काळी टोपी सापडेना. शोधली तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात. त्यात पांढऱ्या बसलेला आणि खाली एक अंडं! एक दिवस सोडून दुसरं. पांढऱ्याची पांढरी झाली. जोडी नसली तरी मादी अंडी घालते, त्यातून पिल्लू निघत नाही एवढंच. मी अंडी काढायला निघाले तर जनावरांचे डॉक्टर म्हणाले, काढू नका, काढली की ती लगेच पुन्हा घालेल आणि तिच्या अंगातलं कॅल्शियम संपेल. तिची ती कंटाळून उठू दे. पिल्लू बाहेर यायला साधारण अठरा दिवस लागतात. ही तीन आठवडे बसली. जोडीत दिवसा नर अंड्यांवर बसतो आणि रात्री मादी. पिल्लं निघाली की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं दाट काहीतरी तयार होतं, ते दोघंही भरवतात. बापसुद्धा! मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम मोठ्याने वाचून घरातल्या पुरुषमंडळींना ऐकवलं. आमच्याकडे दिवसपाळीला अप्पाच होते. ती दाणे खायला उठली की हे कपाटाजवळ खुर्ची टाकून राखण करायचे, डोक्यावर टोपी नसताना.

२०२४च्या दिवाळीनंतर अप्पांना खोकला सुरू झाला. कोरडा, रात्रीचा. आधी सिरप, मग पंप. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. जानेवारीत जिन्यात दम लागून ते मधेच बसले, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासायच्या आधी विचारलं, “घरात पक्षी आहे का?” अप्पा गप्प. मीच म्हटलं, “आहे. यांच्या खांद्यावर.”

स्कॅन झाला, रक्त तपासलं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. म्हणजे हा जंतूंचा आजार नव्हे. कबुतराच्या पिसांतून सतत बारीक भुकटी झडत असते. ती आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज श्वासातून जाते आणि काही माणसांची फुप्फुसं तिच्याविरुद्ध उसळून उठतात. सगळ्यांना होत नाही. पण ज्याला होतं त्याने तसंच चालू ठेवलं, तर फुप्फुसं कडक होत जातात आणि मग ते मागे फिरवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, “औषध देतो, पण खरं औषध म्हणजे पक्षी घराबाहेर.”

मला स्वतःचाच राग आला. गॅलरी रोज कोरडी झाडून काढणारी मीच. थंडीत दारं लावून तिला आतल्या खोलीत, अप्पांच्या उशाशी झोपू देणारीही मीच. ‘बोलायला लागलेत ना, असू दे’ म्हणून मी त्या धुळीकडे बघितलंच नाही.

अप्पांना सांगायचं कोणी? यांनी हात वर केले. मी सांगितलं. ते म्हणाले, “माझं असं किती राहिलंय? राहू दे तिला.” मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुझ्या सासूला नेली तेव्हा दारापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही मला. हिला तरी मी पोचवून येतो.”

एन-९५ मास्क लावून, तिला हातात धरून अप्पा स्वतः जिना उतरले. मावशींच्या मुलाने खाली टोपली धरली होती. टोपीही सोबत दिली. धूळ बसलेली, घरात ठेवायची नव्हतीच. वर आल्यावर आम्ही सगळी खोली ओल्या फडक्याने पुसून घेतली, गादी-उशी बदलली. अप्पा खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता पुन्हा तेच.

पण तसं झालं नाही. मावशींनी तिला महिनाभर कोंडून ठेवलं, नवीन घर अंगवळणी पडेपर्यंत. मग एका नराशी जोडी लावली. मावशींचा मुलगा अप्पांच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवायला लागला आणि अप्पा त्याला उलट फोन करून सूचना द्यायला लागले. खोकला चार-पाच महिन्यांत कमी झाला. जिना चढताना दम लागतो, तो मात्र राहिलाच. महिन्यातून एकदा आम्ही वस्तीत जातो. अप्पा मास्क लावून खाली रस्त्यावरच उभे राहतात, ती वर पत्र्यावर असते. कबुतरांना माणसांचे चेहरे वेगवेगळे ओळखता येतात, हे संशोधकांनी पाहिलंय. ती यांना ओळखते का, देव जाणे. अप्पा म्हणतात, ओळखते.

मला कुणी विचारतं, कबूतर पाळावं का? मी सरळ ‘नको’ म्हणत नाही. इतका माया लावणारा पक्षी मी दुसरा पाहिला नाही. पण पाळायचं तर उघड्या हवेच्या जागी, झोपायच्या खोलीत कधीच नाही. विष्ठा कोरडी झाडायची नाही. पाणी शिंपडून, मास्क लावून काढायची. घरात दमा असेल, लहान बाळ असेल, तर तो मोह टाळायचा. आणि महिनाभर कुणाला कोरडा खोकला राहिला, तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपण होऊन सांगायचं, ‘आमच्याकडे पक्षी आहे.’

मागच्या वेळी मावशींनी वरून ओरडून बातमी दिली, पांढरीला दोन पिल्लं झाली! अप्पांनी विचारलं, “टोपीत घातली होती ना अंडी?” मावशी म्हणाल्या, “न्हाई वो अप्पा, तेलाच्या रिकाम्या डब्यात. टोपीकडं बघितलं बी न्हाई तिनं.”

मला वाटलं, अप्पांना वाईट वाटेल. ते मास्कच्या आतून खो खो हसले, थोडे खोकले आणि म्हणाले, “बरोबर आहे तिचं. आता तिचा स्वतःचा संसार आहे.” आणि परत येताना बाजारात थांबून त्यांनी नवी टोपी घेतली.