धातूंची उतरंड

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यांत ताक ठेवलें, तर तें कळकतें, ही गोष्ट जुन्या वळणाच्या गृहिणीला सांगावी लागत नाहीं. परंतु ताक कळकतें म्हणजे नेमकें काय होतें, आणि कथलाचा कागदाहूनहि पातळ थर तें कसें थोपवितो, असें विचारलें असतां उत्तर सहसा मिळत नाहीं. शाळेच्या वर्गांत अगदीं थोड्या खर्चांत होणारे चार-पांच प्रयोग या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर देतात.

प्रथम तांब्याचे काळवंडलेले दोन-तीन तुकडे लिंबाच्या रसांत चिमूटभर मीठ घालून भिजत ठेवावे. थोड्याच वेळांत ते उजळतात. तांबें आपण होऊन अशा सौम्य आम्लांत विरघळत नाहीं; पण हवेंतील प्राणवायु त्याच्या पृष्ठभागाचें भस्म करीत असतो, आणि हें भस्म मात्र आम्लांत सहज विरघळतें. तांब्या चिंचेनें घासतांना जें घडतें तें हेंच. आतां तुकडे काढून त्या रसांत घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा कांहीं तास ठेवावा. खिळ्यावर तांबूस लेप दिसूं लागतो. हें तांबें रसांतूनच आलेलें असतें. अर्थात् आंबट पदार्थांत तांबें उतरतें, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय. ताक कळकतें तें यामुळेंच.

हाच चमत्कार मोरचुदाच्या निळ्या पाण्यांत अधिक स्पष्ट दिसतो. त्यांत बुडविलेला खिळा मिनिटाभरांत तांबडा होतो, आणि कालांतरानें निळा रंग फिका पडत जातो. युरोपांतील जुन्या किमयागारांना यामुळें लोखंडाचेंच तांबें होतें असें वाटे. वास्तविक ही अदलाबदल आहे. लोखंड पाण्यांत जातें व तितक्या प्रमाणांत तांबें बाहेर पडतें. हिशेब ठरलेला आहे: सुमारें 56 ग्रॅम लोखंड गेलें कीं सुमारें 63.5 ग्रॅम तांबें मोकळें होतें. उलट, हिराकसाच्या पाण्यांत तांब्याची तार कितीहि वेळ ठेवली तरी तिच्यावर लोखंड चढत नाहीं.

अशा तुलनेनें धातूंची एक उतरंड लावतां येते. मॅग्नेशियम, अल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसें, तांबें, चांदी आणि सोनें असा तिचा वरून खालीं क्रम आहे. वरचा धातु स्वतः विरघळून खालच्या धातूला त्याच्या क्षारांतून सोडवितो. अल्युमिनियम मात्र प्रथमदर्शनीं या नियमाला अपवाद वाटतें. त्याची पट्टी मोरचुदाच्या पाण्यांत तशीच पडून राहते. परंतु त्या पाण्यांत मीठ टाकतांच पट्टी खवळते, बुडबुडे येतात, पाणी गरम होतें आणि तांब्याचा गाळ सांचतो. अल्युमिनियमच्या अंगावर भस्माचें एक अदृश्य कवच असतें. मीठ तें फोडतें, एवढाच याचा अर्थ. मोरचूद विषारी असल्यानें हे प्रयोग स्वयंपाकाच्या भांड्यांत करूं नयेत आणि नंतर हात धुवावे, हें मुलांना बजावणें अवश्य आहे.

आतां तीन सारखे खिळे घ्यावे. एक मोकळा ठेवावा, दुसऱ्यास जस्ताची पट्टी व तिसऱ्यास तांब्याची तार घट्ट गुंडाळावी, आणि तिन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यांत ठेवावे. कांहीं दिवसांनीं जस्ताच्या सोबतीचा खिळा जवळजवळ निर्मळ राहिलेला आढळतो, तर तांब्याच्या सोबतीचा सर्वांत अधिक गंजतो. दोन धातु एकमेकांस टेकले कीं उतरंडींत वर असलेला झिजतो आणि खालचा वाचतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर ओरखडा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाहीं, याचें कारण हेंच.

या नियमाचा मोठा प्रयोग समुद्रावर झालेला आहे. इंग्लंडच्या आरमारांतील लांकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत, व खाऱ्या पाण्यानें ते झिजत. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें 1824 सालीं त्या पत्र्यांना लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचविला. तांब्याची झीज थांबली. परंतु शेवाळ आणि कवचाचे जलचर तळाला चिकटून जहाजांचा वेग मंदावला. झिजणारें तांबेंच त्या जीवांना मारीत होतें! शेवटीं ते रक्षक तुकडे काढून टाकावे लागले.

कल्हईचें रहस्य आतां उघड होतें. कल्हईवाला तापलेल्या भांड्यांत नवसागराची पूड टाकतो. तिच्यांतून निघणारें आम्ल पृष्ठभागावरील भस्म साफ करतें, आणि 232 अंशांवर वितळणारें कथील तेथें पसरतें. कथील तांब्याच्या वर असल्यानें थराला चरा पडला तरी प्रथम तें झिजतें व तांब्याला अन्नांत उतरूं देत नाहीं. मात्र त्यांत शिशाची भेसळ असेल तर रक्षकच भक्षक ठरतो. शिसें उतरंडींत कथलाच्या शेजारींच आहे. तेंहि आंबट पदार्थांत उतरतें, शरीरांत सांचतें आणि विशेषतः मुलांच्या मेंदूला अपाय करतें. शुद्ध कथलाची कांडी वाकवितांना कुरकुर असा आवाज होतो, शिशाची मुकाट्यानें वाकते. शिसें कागदावर करडी रेघ ओढतें. पण या खुणांनीं मोठी भेसळच कळते, थोडी ओळखण्यास प्रयोगशाळाच हवी.

हल्लीं शहरांतील घरांत तांब्याच्या बाटलीची आवड वाढली आहे. तांब्यांत ठेवलेल्या पाण्यांतील पुष्कळ रोगजंतु मरतात, हें खरें. जहाजाच्या तळाशीं तेंच घडत होतें. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांतील तांब्याची मर्यादा दर लिटरला 2 मिलिग्रॅम ठरविली आहे. साध्या पाण्यापेक्षां लिंबाच्या सरबतांत तांबें कितीतरी अधिक उतरतें. मळमळ व उलट्या हा त्याचा परिणाम. म्हणून अशा बाटलींत पाणीच ठेवावें. सरबत, ताक वा फळांचा रस कांचेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांतच असावा. ज्या मुलानें लिंबाच्या रसांतून खिळ्यावर तांबें उतरलेलें एकदां पाहिलें, त्याला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाहीं.