नमुना जसा होता तसा

शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरून, त्यावर आयोडीनचा थेंब टाकून आपण सर्वांनी पेशी पाहिल्या आहेत. तेथे आकार पाहायचा होता. म्हणून रंग चढविणे योग्यच होते. परंतु पेशीत पोटॅशियम, कॅल्शियम, जस्त ही मूलद्रव्ये नेमकी कोठे वसली आहेत हे पाहायचे असेल, तर वेगळी शिस्त पाळावी लागते. तिचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

या तपासणीत नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा अथवा क्ष-किरणांचा सूक्ष्म झोत सोडतात. त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्यातून त्याच्या खास ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर पडतात. ते मोजून मूलद्रव्यांचा नकाशा तयार होतो. इंदूर येथील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांनी अशी तपासणी करण्याची सोय आहे. मात्र दिसलेले द्रव्य ऊतीचे मूळचे की आपल्या हाताने आलेले, हा भेद यंत्राला कळत नाही.

जिवंत पेशीच्या आत पोटॅशियम अधिक, तर बाहेर सोडियम अधिक असते. पेशी मरू लागताच हा तोल ढळतो. रसायनात भिजविणे, अल्कोहोलने पाणी काढणे या नेहमीच्या रीतीत आकार टिकतो. पण विद्राव्य क्षार वाहून जातात. रंजनासाठी वापरलेल्या ऑस्मियमची खूण तर फॉस्फरसच्या खुणेत मिसळते.

म्हणून ऊती त्वरेने गोठवितात. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ती थेट बुडविली, तर भोवती वायूचे आवरण निर्माण होऊन गोठणे मंदावते आणि मोठे हिमस्फटिक पेशींची रचना मोडतात. यास्तव त्याच नायट्रोजनने थंड केलेले द्रवरूप प्रोपेन वापरतात. गोठलेल्या स्थितीतच पातळ काप घेतात. मग निर्वातात बर्फ वितळू न देता त्याची थेट वाफ होऊ देतात. काचेतच सिलिकॉन, सोडियम, कॅल्शियम असल्याने काप स्वच्छ, पातळ पटलावर ठेवतात. रिकामे पटलही तपासतात. त्यावर जस्त आढळले, तर ते ऊतीचे म्हणता येत नाही. अखेरीस पेशीत पोटॅशियम सोडियमहून अधिक दिसले, तरच नकाशावर विश्वास ठेवतात.

धम्मात ‘यथाभूत’ पाहण्याला, म्हणजे वस्तू जशी आहे तशी पाहण्याला, मोठे महत्त्व आहे. प्रयोगशाळेत या पाहण्याचा आरंभ यंत्रापाशी होत नाही. नमुना हाती घेतो त्या क्षणीच तो होतो. येथील विद्यार्थ्यांनी ही सावधता अंगी बाणवावी, अशी आमची मंगल कामना आहे.