नोंद असेल तरच निधी : हरवलेली माणसं, मुलांची सुरक्षा आणि आपली घरं



मुलांच्या संरक्षणासाठी आणि हरवलेल्या माणसांच्या शोधासाठी सरकार पैसा देतं, हे आपण ऐकतो. पण तो येतो कुठून, आणि निसरपूर-चिखलद्यापासून नेमावरपर्यंत नर्मदेवर जाळं टाकणाऱ्या घराला त्यातलं काय मिळू शकतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण पूर्ण वाचा आणि घरातल्या बायकामाणसांनाही वाचून दाखवा.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. यातला जवळजवळ सगळा पैसा नोंदीच्या मागून येतो. थान्यात किंवा जिल्हा कार्यालयात कागद झाला, तरच पुढचं दार उघडतं.

*पैसा कुठून येतो?*

दोन मोठे झरे आहेत.

पहिला, मिशन वात्सल्य. ही केंद्राच्या महिला व बाल विकास खात्याची योजना. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हिच्यासाठी १,५०० कोटी रुपये ठेवले होते. मध्य प्रदेशात खर्चाचे ६० टक्के केंद्र देतं आणि ४० टक्के राज्य. जिल्ह्याचं बाल संरक्षण कार्यालय, बालगृहं, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि गरजू मुलांना महिन्याला मिळणारी मदत, हे सगळं यातून चालतं.

दुसरा, निर्भया निधी. २०१३ साली १,००० कोटींनी सुरू झाला. बलात्कार आणि पॉक्सोच्या खटल्यांची जलदगती न्यायालयं, पोलिसांची मानव तस्करीविरोधी पथकं, राज्यांच्या प्रयोगशाळांतली डीएनए तपासणी, यांना यातून पैसा मिळतो.

*मूल हरवलं तर*

"चोवीस तास वाट बघा" असा कुठलाही कायदा नाही. सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाचा गुन्हा नोंदवायचा, आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू करायचा. १८ वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी, एफआयआर व्हायलाच हवी. चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर तपास तस्करीविरोधी पथकाकडे जातो. पण एफआयआरच नसेल तर त्या पथकाकडे जाणार काय?

आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बरीच माणसं मजुरीला बाहेर जातात, मुलं आजी-आजोबांकडे राहतात. जाण्याआधी प्रत्येक मुलाचा ताजा फोटो, आधारची प्रत आणि अंगावरच्या खुणा लिहून घरात ठेवा. "पोराला कामाला लावतो" म्हणत आगाऊ पैसे देणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दलही १०९८ वर विचारा.

*मुलावर अत्याचार झाला तर*

हे "समाजात बसून मिटवू" असं होऊ देऊ नका. पॉक्सो कायद्याखाली माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंचांनाही हे लागू आहे.

थान्याची भीती वाटते, तर हेही माहीत असू द्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो. जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत. मुलाला रात्री थान्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव, फोटो, गाव कुठेही छापता येत नाही, म्हणजे आपल्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही.

पैशाचं म्हणाल तर, पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती लगेच मदतीची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याच्या आत मिळायला हवी. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी निकालाची किंवा आरोपी दोषी ठरण्याची वाट बघावी लागत नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाची ती मोफत मदत आहे.

*कर्ता माणूस गेला तर मुलांना महिना ४,००० रुपये*

मिशन वात्सल्यमध्ये विधवा किंवा टाकलेल्या आईच्या मुलांना, नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांना, आई-वडील गंभीर आजारी किंवा अपंग असलेल्या मुलांना प्रत्येकी महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला ७२,००० आणि इतर शहरांत ९६,००० रुपये आहे. अर्ज धार किंवा देवासच्या महिला व बाल विकास कार्यालयात, बाल संरक्षण विभागाकडे करायचा. आई-वडील दोघेही नसतील तर राज्याच्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेचंही तिथेच विचारा.

*मोठं माणूस हरवलं तर*

मोठ्या माणसासाठी मध्य प्रदेशात "गुम इंसान" अशी नोंद होते. त्याचा क्रमांक मागून घ्या. फोन लागतो किंवा मेसेज येतो, म्हणून गप्प बसू नका. आपल्याच नेमावरात मे २०२१ मध्ये एका कुटुंबातली पाच माणसं नाहीशी झाली. त्यातल्या मोठ्या मुलीच्या नावाने सोशल मीडियावर ती ठीक असल्याचे मेसेज येत राहिले. २९ जूनला पाचही जणांची प्रेतं शेतातल्या खड्ड्यात सापडली. माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय, त्याला बघितल्याशिवाय खात्री धरू नका.

*पाण्यात प्रेत दिसलं तर*

हा भाग खास आपल्यासाठी. पोलिसांचं झंझट नको म्हणून प्रेत परत धारेला लावून देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. असं करू नका. ते कुणाच्या तरी घरचं माणूस आहे, आणि त्या घराची सगळी कागदपत्रं त्या प्रेताच्या ओळखीवर अडलेली असतात. प्रेत मिळालंच नाही, तर माणूस मेला असं धरायला कायद्याने सात वर्षं लागतात. तोवर मृत्यूचा दाखला अडतो, विमा अडतो, आणि मुलांची वर सांगितलेली मदतही अडू शकते. मच्छीमारांच्या अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख रुपये आहेत, पण त्यालाही मृत्यूचा पुरावा लागतोच.

मग करायचं काय?

१. प्रेत वाहून जाऊ नये म्हणून काठाला दोरीने अडवा आणि ११२ ला कळवा. वेळ आणि जागा लिहून ठेवा.
२. कपडे, करगोटा, दागिने, खिशातले कागद काढू नका. गोंदण आणि अंगावरच्या खुणा पोलिसांना दाखवा. ओळख त्यावरूनच पटते.
३. फोटो ग्रुपवर टाकू नका, पोलिसांनाच द्या.
४. पोलीस "मर्ग" नोंदवतात. त्याचा क्रमांक विचारून ठेवा. ओळख पटली नाही तर डीएनएचा नमुना ठेवायला सांगा. पुढे कुणी नातेवाईक आला की रक्ताचा नमुना जुळवता येतो.

१८ जुलै २०२२ ला आपल्या धार जिल्ह्यात खलघाटच्या पुलावरून इंदूर-अमळनेर एसटी नर्मदेत पडली. किमान १२ जण गेले. तेव्हा खिशातली ओळखपत्रं आणि धावून आलेले नातेवाईक यांच्यामुळेच माणसांची ओळख पटवता आली.

*नावमालकांना विनंती*

नावेवर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि घरचा फोन नंबर काठावर कुणाकडे तरी लिहून ठेवा. बाहेरगावच्या मजुराचं तर नक्कीच. १८ वर्षांखालच्या पोराला नावेवर कामाला घेऊ नका.

हे नंबर घराच्या भिंतीवर लिहा : मुलांसाठी १०९८, पोलीस ११२, महिलांसाठी १८१, मोफत वकील १५१००.

कुणाची नोंद थान्यात घेतली जात नसेल तर सोसायटीच्या ऑफिसात या. अर्ज लिहायला आणि सोबत यायला आपली माणसं आहेत. पोस्ट आपल्या काठावरच्या प्रत्येक ग्रुपला पाठवा.