पंधरावा रस्ता कोणाचा?

फिलाडेल्फिया हे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. प्रकटीकरणाच्या ग्रंथात आशियातील ज्या सात मंडळ्यांस पत्रे आहेत, त्यांपैकी एक ह्याच नावाच्या गावची होती. विल्यम पेन ह्या क्वेकर गृहस्थाने १६८२ साली अमेरिकेत आपले नगर वसविले, तेव्हा 'बंधुप्रेम' हा त्या शब्दाचा अर्थ मनात धरूनच त्याने ते नाव ठेविले. ह्या नगरीचे चौथे बिशप संत जॉन न्यूमन यांचे पार्थिव तिच्या उत्तर भागातील सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे. सांप्रतचे परमगुरू लिओ चौदावे १९७७ साली ज्या व्हिलानोव्हा विद्यापीठाचे पदवीधर झाले, तेही ह्याच नगरीच्या उपनगरात. अशा ह्या बंधुप्रेमाच्या नगरीत २०१५ पासून काही वर्षे एक विद्यापीठ आणि त्याचे शेजारी यांच्यामध्ये फुटबॉलच्या स्टेडियमवरून मोठे भांडण चालले. त्याची हकिकत येथे द्यावीशी वाटते. आपल्या पुष्कळ धर्मग्रामांत चर्चच्या नावावर शाळा आहे, कॉलेज आहे, पटांगण आहे. आणि कुंपणापलीकडे माणसे राहात आहेत.

विद्यापीठाचे नाव टेंपल. त्याचा जन्म एका चर्चमध्ये झाला. रसेल कॉनवेल हे बॅप्टिस्ट पंथाचे पाळक; तरुणपणी सैनिक, मग वकील आणि शेवटी धर्मसेवक. १८८२ साली ते फिलाडेल्फियातील ग्रेस बॅप्टिस्ट चर्चमध्ये आले. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या तरुणांस शिकावयाची इच्छा आहे, परंतु जवळ पैसा नाही आणि दिवसा सवड नाही, हे पाहून १८८४ च्या सुमारास ते त्यांस रात्री शिकवू लागले. ह्या रात्रशाळेस १८८८ मध्ये कॉलेजची सनद मिळाली आणि १९०७ मध्ये ती विद्यापीठ झाली. आजही तेथील खेळाडूंस 'आउल्स' म्हणजे घुबडे म्हणतात. आपल्याकडे घुबडाचे नाव कोणी हौसेने घेणार नाही. परंतु रात्री दिव्याखाली जागून शिकणाऱ्या गरिबांची ती आठवण आहे, आणि विद्यापीठ ती अभिमानाने मिरविते.

कॉनवेलसाहेबांची दुसरी ख्याती म्हणजे 'हिऱ्यांची शेते' हे त्यांचे व्याख्यान. ते त्यांनी सहा हजारांहून अधिक वेळा दिले असे सांगतात, आणि त्याच्या प्राप्तीतून पुष्कळ गरीब विद्यार्थ्यांस साहाय्य झाले. त्यातील कथा आमच्या हैदराबादच्या वाचकांस गंमतीची वाटेल. अली हाफेद नावाचा एक शेतकरी हिऱ्यांच्या लोभाने आपली जमीन विकून देशोदेशी भटकतो आणि अखेर कंगाल होऊन मरतो. इकडे त्याच्याच विकलेल्या शेतातील ओढ्यात हिरे सापडतात, आणि त्याच गोवळकोंड्याच्या सुप्रसिद्ध खाणी! कथेतील शेत सिंधू नदीच्या काठचे. सिंधू कोठे आणि गोवळकोंडा कोठे, हे पाळकसाहेबांच्या श्रोत्यांनी विचारले नसावे. श्रीमंत होणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे, असेही ते त्या व्याख्यानात सांगत. ते आम्हांस मान्य होण्यासारखे नाही. परंतु दूरच्या हिऱ्यांमागे धावताना दाराशी असलेले धन विसरू नये, हे कथेचे मर्म खोटे कोण म्हणेल?

टेंपलच्या दाराशी काय होते? उत्तर फिलाडेल्फियाचा हा भाग एके काळी कारखान्यांचा आणि आयरिश, जर्मन व यहुदी कुटुंबांचा होता. पुढे दक्षिणेकडील संस्थानांतून कृष्णवर्णीय लोक कामासाठी येथे आले. कारखाने बंद पडत गेले, गोरी वस्ती उपनगरांकडे सरकली. ऑगस्ट १९६४ मध्ये ह्याच भागातील कोलंबिया ॲव्हेन्यूवर मोठी दंगल झाली. त्या रस्त्यास पुढे १९८७ मध्ये, नागरी हक्कांसाठी झुंजलेले वकील सेसिल मूर यांचे नाव देण्यात आले. कॅथलिक लोक निघून गेल्यावर जेझुइट धर्मगुरूंचे भव्य गेझू चर्च १९९३ साली धर्मग्राम म्हणून बंद झाले. परंतु त्याच्या लगतची शाळा त्याच वस्तीतील मुलांसाठी आजतागायत चालू आहे, ही गोष्ट आम्हांस मुद्दाम नमूद करावीशी वाटते. येथील घरे भिंतीला भिंत लागून ओळीने बांधलेली, दोनतीन मजल्यांची. पुढे अंगण नाही. दगडी पायऱ्या थेट फूटपाथवर उतरतात, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी म्हातारीकोतारी माणसे त्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करितात, जशी आपल्याकडे ओट्यावर बसून करितात.

विद्यापीठ वाढत गेले तसतशी ही घरे मागे हटत गेली. १९६९-७० च्या हिवाळ्यात दोन्ही पक्षांची प्रदीर्घ बोलणी होऊन विस्तारास आळा घालणारा करार झाला होता. परंतु वस्तीच्या मनातील धास्ती गेली नाही. विल्यम पेन हायस्कूल ही सार्वजनिक शाळा २०१० मध्ये बंद झाली, आणि तिची जागा विद्यापीठाने २०१४ मध्ये दीड कोटी डॉलरना घेऊन तेथे खेळाची मैदाने केली. शेजाऱ्यांच्या मुलांची शाळा गेली आणि विद्यापीठाच्या मुलांचे मैदान आले, असा हिशेब कोणी मांडला तर त्यास दोष कसा द्यावा?

आता फुटबॉलविषयी. गोव्यातील आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे ह्या शब्दाने जो खेळ उभा राहतो तो हा नव्हे. अमेरिकेत ह्या नावाचा खेळ लांबट चेंडूने, शिरस्त्राण घालून, बहुतांशी हातांनीच खेळतात. तेथे कॉलेजच्या सामन्यास पन्नास-पन्नास हजार लोक जमतात आणि विद्यापीठाची कीर्ती पुष्कळदा प्राध्यापकांपेक्षा खेळाडूंवर अवलंबून असते. टेंपलचे स्वतःचे जुने स्टेडियम नगरीच्या दुसऱ्या भागात होते. ते १९२८ साली बांधले आणि पन्नास वर्षे वापरले. पुढे ते पाडण्यात येऊन आज त्या जागी बॅप्टिस्टांचे एक मोठे चर्च उभे आहे. २००३ पासून टेंपलचा संघ नगरीच्या दक्षिण टोकास, ईगल्स ह्या व्यावसायिक संघाच्या लिंकन फायनान्शियल फील्डवर भाड्याने खेळतो.

२०१५ साली टेंपलचे नशीब उघडले. १९४१ नंतर प्रथमच त्यांनी पेन स्टेट विद्यापीठाचा पराभव केला, ओळीने सात सामने जिंकले, आणि ३१ ऑक्टोबर रोजी आपल्या कॅथलिक नोत्र दामशी त्यांची गाठ पडली. ६९,००० हून अधिक प्रेक्षक जमले. नोत्र दामने तो सामना २४-२० असा जिंकला खरा, परंतु टेंपलच्या विश्वस्तांची छाती फुगली. त्याच सुमारास स्वतःच्या स्टेडियमचा विचार उघडपणे पुढे आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राथमिक आराखड्यासाठी दहा लाख डॉलर मंजूर झाले. ३५,००० प्रेक्षकांचे स्टेडियम, खर्च सुमारे तेरा कोटी डॉलर, आणि जागा ब्रॉड रस्ता व सोळावा रस्ता यांच्या मध्ये, म्हणजे ओळीच्या घरांच्या अगदी समोर.

विद्यापीठाची बाजू पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. भाड्यापायी वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर जात होते आणि नव्या करारात ते पुष्कळ वाढणार अशी चिन्हे होती. परक्याच्या घरी कायमचे बिऱ्हाड कोणास आवडते? घरच्या मैदानावरील सामने वर्षाकाठी सहा किंवा सात. दुकाने काढू, वस्तीत स्वच्छतेची व्यवस्था ठेवू, अशी आश्वासने होती. शिवाय विद्यापीठ हजारो लोकांस रोजगार देते आणि त्याच्या इस्पितळात हेच शेजारी बरे होतात.

परंतु ज्याच्या दाराशी सोहळा व्हावयाचा त्यास तो सहाच दिवसांचा वाटत नाही. ह्या सामन्यांपूर्वी मोटारींच्या मागच्या बाजूस मेजवान्या मांडण्याची चाल आहे. सकाळपासून मांस भाजणे, बिअर पिणे आणि गाणीबजावणी चालते. उत्तर फिलाडेल्फियात लोकांच्या मोटारी रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात. हजारो पाहुणे आल्यावर त्या कोठे न्याव्यात? ब्रॉड रस्ता तुंबला तर त्याच रस्त्याने उत्तरेकडील इस्पितळात रोगी कसा पोहोचावा? आणि एवढी मोठी इमारत वर्षातून शेकडो दिवस रिकामी राहणार. तिच्या भिंतीकडे पाहात पायऱ्यांवर कोणी बसावे? ह्या सर्वांच्या मुळाशी घराची चिंता होती. विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारे दलाल अगोदरच घरांमागून घरे घेत होते. किंमत वाढली की कर वाढतो, आणि ज्या विधवेचे घर कर्जमुक्त आहे तिलाही केवळ करापायी ते विकावे लागते. स्टेडियम झाले की हा ओघ आवरणार नाही, असे लोकांस वाटले.

'स्टेडियम स्टॉम्पर्स' ह्या नावाने जो संघ २०१५ मध्ये उभा राहिला त्यात रहिवाशांबरोबर विद्यापीठाचेच काही विद्यार्थी आणि कामगारही होते. त्या विद्यार्थ्यांचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. आपल्या आनंदासाठी शेजाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून आपल्याच विद्यापीठाविरुद्ध निशाण घेऊन चालणे सोपे नव्हे. २०१३ च्या अखेरीस पैशाच्या अडचणीमुळे विद्यापीठाने बेसबॉलसह काही खेळांचे संघ बंद करावयाचे ठरविले होते. मग तेरा कोटी कोठून येणार, असाही प्रश्न विचारला गेला.

६ मार्च २०१८ रोजी विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड एंगलर्ट यांनी मिटन हॉलमध्ये लोकांची सभा बोलाविली. विरोधकांनी एवढा गलबला केला की अध्यक्षांस आपले निवेदन पुरे करिता आले नाही आणि ते निघून गेले. वयोवृद्ध माणसास बोलू न देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीपण ही सभा कधी भरली ते पाहावे. आराखड्यास पैसे मंजूर होऊन दोन वर्षे लोटली होती, प्रेक्षकांची संख्या ठरली होती, खर्च ठरला होता, जागा ठरली होती. शेजाऱ्यांस विचारले गेले ते लग्नाची तिथी ठरल्यावर आमंत्रणपत्रिका पाठवावी तसे. असल्या सभेत लोक शांतपणे ऐकून घेतील अशी अपेक्षा करणे म्हणजे त्यांच्या सहनशीलतेचा फारच मोठा अंदाज बांधणे होय.

आणि मग विद्यापीठापुढे एक गोष्ट आडवी आली. नियोजित स्टेडियमच्या पोटातून पंधरावा रस्ता जात होता. दोहो बाजूंची जमीन विद्यापीठाची. परंतु नॉरिस आणि मंटगोमेरी ह्या आडव्या रस्त्यांमधील पंधराव्या रस्त्याचा तो तुकडा नगरीचा होता. सार्वजनिक रस्ता बंद करावयाचा तर नगर परिषदेने तसा कायदा केला पाहिजे. आणि फिलाडेल्फियात अशा बाबतीत त्या विभागाच्या प्रतिनिधीचा शब्द बाकीचे सभासद सहसा मोडीत नाहीत, अशी वहिवाट आहे. त्या विभागाचे प्रतिनिधी डॅरेल क्लार्क हे त्या वेळी परिषदेचे अध्यक्षही होते. त्यांनी असा ठराव मांडलाच नाही. कोट्यवधींची योजना रस्त्याच्या एका लहानशा तुकड्यापाशी थबकली. पुढे विद्यापीठाने ईगल्सशी भाडेकरार वाढविला आणि स्टेडियमची भाषा हळूहळू बंद झाली.

सर्वत्र असेच घडते असे नाही. कोलोरॅडो संस्थानातील फोर्ट कॉलिन्स येथे राज्य विद्यापीठाचे स्टेडियम १९६८ पासून गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी होते. नवे स्टेडियम आवारात नको म्हणून तेथील नागरिकांनीही पुष्कळ खटपट केली; परंतु नियामक मंडळाने डिसेंबर २०१४ मध्ये ते मंजूर केले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्यात खेळही सुरू झाला. तेथील लोकांच्या पदरी पडले ते एवढेच, की २०२१ साली मतदान करून त्यांनी जुन्या स्टेडियमची जागा मोकळी ठेवविली.

ज्या वर्षी टेंपलची योजना निघाली त्याच वर्षी, २०१५ मध्ये, परमगुरू फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. नगररचना करिताना त्या ठिकाणी राहणाऱ्या लोकांचे मत नेहमी विचारात घेतले पाहिजे, असे त्यात दिवंगत परमगुरूंनी सांगितले आहे. धर्मग्रामातील शाळेस दुसरा मजला चढवावयाचा असो, पटांगणास उंच भिंत घालावयाची असो की सणाच्या रात्री कर्णे लावावयाचे असोत, हा प्रश्न आपल्याकडेही उद्भवतो. बांधकाम समितीत इंजिनिअर असतो, देणगीदार असतो, फादर असतात. कुंपणापलीकडची बाई नसते. ती बहुधा आपल्या धर्माचीही नसते, आणि म्हणून तिला विचारण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. परवाना मिळाला म्हणजे परवानगी मिळाली, असा समज आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे.

टेंपलचा संघ अजूनही दक्षिण टोकाच्या भाड्याच्या मैदानावरच खेळतो, आणि पंधरावा रस्ता उघडा आहे. वस्तीचे सगळे दुखणे मात्र त्याने बरे झाले नाही. विद्यार्थ्यांसाठी घरे घेणारे अद्याप येतात, ओळीतील एखादे जुने घर पाडून तेथे खोल्यांची उंच इमारत उभी राहते, आणि शेजारच्या घराचा कर वाढतो. स्टेडियम अडविण्यास एक रस्ता पुरला. ह्या दुसऱ्या कामी नगर परिषदेचा एखादा ठराव अडवून भागत नाही. घर विकू नये म्हणून एकेका कुटुंबास गाठावे लागते, करात सवलत मिळण्याचे अर्ज भरून द्यावे लागतात, आणि असली कामे चर्चच्या तळघरात, रात्री, कामावरून परतल्यावरच होतात.