आईवडिलांच्या अनुभवातून घडणारी बालरुग्णसेवा

मुलाचा आजार लांबला की आईवडिलांच्या रुग्णालयाच्या वाऱ्या वर्षानुवर्षे चालतात. केसपेपर कुठे काढायचा, केमोनंतर मूल काय खाते, सुई टोचताना ते कशाने शांत राहते, घरी रात्री ताप चढला तर काय करायचे, हे त्यांना हळूहळू उमगत जाते. आजाराचे ज्ञान डॉक्टरांकडे असते. पण तो आजार सांभाळत घर कसे चालवायचे, हे घरच्यांनाच ठाऊक असते. उपचार संपल्यावर हे अनुभवज्ञान दुसऱ्या कुटुंबांसाठी आणि रुग्णालयाच्या सुधारणेसाठी स्वेच्छेने देणारे पालक असतात. बालरुग्णसेवेत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

मुंबईत हे काम समजून घ्यायचे तर परळला जावे लागते. केईएम रुग्णालय १९२६ मध्ये, बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये आणि टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. गिरणगावातल्या या तीन संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. टाटा मेमोरियलमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून कुटुंबे येतात. भाषा अनोळखी, शहर अनोळखी, हाताशी पैसा थोडा आणि मुलाला कर्करोग, अशा अवस्थेत ती परळच्या रस्त्यावर उभी असतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा अनेकांचा आसरा आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ने उपचार घेणाऱ्या मुलांना आईवडिलांसह राहण्याची विनामूल्य सोय केली. तिथे प्रत्येक कुटुंब आपला स्वयंपाक आपण करते. एकाच स्वयंपाकघरात वावरणाऱ्या आया स्वच्छतेपासून पथ्यापर्यंतच्या गोष्टी एकमेकींकडून शिकतात.

पालकांच्या सहभागाचा इतिहास सगळीकडे सारखा नाही. ब्रिटनमधील रुग्णालयांत एके काळी आईवडिलांना मुलाला भेटायलाही मोजकाच वेळ मिळे. संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला आणि मुलांवर होणारा परिणाम लोकांसमोर आला. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीच्या प्लॅट अहवालाने भेटीची बंधने सैल करण्याची आणि लहान मुलांजवळ आईला राहू देण्याची शिफारस केली. तरी बदल संथ होता. म्हणून १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील आया एकत्र आल्या आणि त्यांनी रुग्णालयांकडे पाठपुरावा सुरू केला.

आपल्याकडे चित्र निराळे. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मुलाच्या खाटेजवळ आई असतेच. रक्ताचे नमुने पोहोचवणे, रिपोर्ट आणणे, रक्तदाता शोधणे ही धावपळ घरच्यांचीच. त्यांचे हात कामाला लागतात, मात्र त्यांचे मत क्वचितच विचारले जाते. नवजात अर्भकांच्या कक्षात आईवडिलांना शिकवून काळजीत सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढल्या. हे महत्त्वाचे पाऊल आहे. त्यापुढचे पाऊल म्हणजे सेवेची आखणी करतानाच त्यांचे म्हणणे ऐकणे.

कर्करोगाच्या क्षेत्रात या दिशेने बरेच काम झाले आहे. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये रुग्ण आणि कुटुंबांना आधार देण्यासाठी मुंबईत ‘व्ही केअर फाउंडेशन’ स्थापन केले. टाटा मेमोरियलमध्ये १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले. केमो आणि रेडिएशनचे परिणाम अनेक वर्षांनंतरही दिसू शकतात, म्हणून बऱ्या झालेल्या मुलांवर लक्ष ठेवण्याची ही व्यवस्था. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने अशा मुलामुलींचा ‘उगम’ हा गट उभा राहिला. बालपणी ज्या आजाराशी झुंज दिली, त्याच आजाराच्या मुलांना आणि पालकांना हे तरुण भेटतात. आपले मूल मोठे होऊन शिकेल, नोकरी करेल, या बोलण्यावर सहजी विश्वास न बसणाऱ्या आईला तसा तरुण समोर दिसतो, तेव्हा उपचार पुरे करण्याचे बळ येते.

हे बळ कामी येते, कारण उपचार अर्धवट सोडणे हा बालकर्करोगातला मोठा धोका आहे. रक्ताच्या कर्करोगाचा नेहमी आढळणारा प्रकार, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, याचे उपचार सुमारे दोन ते अडीच वर्षे चालतात. सुरुवातीच्या महिन्यांतच मूल हसू-खेळू लागते आणि गावी परतावेसे वाटते. तिकडे शेत, रोजंदारी, धाकटी भावंडे वाट पाहत असतात. टाटा मेमोरियलमध्ये २००९ च्या सुमारास सुमारे २० टक्के मुलांचे उपचार नाकारले किंवा अर्धवट सोडले जात. आर्थिक मदत, निवास, आहार, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबांचा फोनवर पाठपुरावा अशी सर्वांगीण मदत सुरू झाल्यावर २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले. याचे श्रेय एकट्या पालकगटांना देता येणार नाही. पण कुटुंबे का निघून जातात, हे कुटुंबांकडूनच कळते आणि मदत नेमकी कुठे हवी हे त्यातून ठरते.

अनुभवी पालकांचा सहभाग साधारण तीन पातळ्यांवर असतो. पहिली पातळी सोबतीची: निदान नुकतेच झालेल्या कुटुंबाशी त्याच्या भाषेत बोलणे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट खाली आल्यावर गर्दी का टाळायची आणि ताप आल्यास वाट न पाहता रुग्णालय का गाठायचे, हे पटवून देणे. दुसरी शिकवण्याची: माहितीपत्रके, सूचनाफलक आणि समुपदेशकांचे शब्द सामान्य माणसाला समजतात का हे तपासणे, नव्या परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना घरच्यांची बाजू सांगणे. तिसरी निर्णयाची: ओपीडीच्या वेळा, प्रतीक्षाकक्ष, वॉर्डाची रचना ठरवणाऱ्या बैठकीत बसणे. अमेरिकेतील अनेक बालरुग्णालयांत यासाठी पालकांच्या सल्लागार समित्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या रुग्णसुरक्षा दिनाचा विषय रुग्ण आणि कुटुंबांचा सहभाग हाच ठेवला होता.

या कामाला शिस्त लागते. एका मुलाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, म्हणून स्वयंसेवक पालकाने औषधांबद्दल सल्ला देऊ नये. ते डॉक्टरांचे काम. ऐकलेली माहिती बाहेर सांगू नये. स्वतःचे दुःख ताजे असताना दुसऱ्याचे दुःख पेलवत नाही, म्हणून मधे काही काळ जाऊ द्यावा आणि आधी प्रशिक्षण घ्यावे. मूल गमावलेल्या पालकांनाही इच्छा असल्यास जागा हवी, कारण शेवटच्या दिवसांतल्या काळजीबद्दल त्यांच्याइतके कुणालाच सांगता येत नाही. रुग्णालयाने स्वयंसेवक पालकांचा प्रवासखर्च द्यावा आणि त्यांच्या सूचनांचे पुढे काय झाले हेही कळवावे.

कर्करोगात जे जमले ते थॅलॅसेमिया, हिमोफिलिया, जन्मजात हृदयविकार, मुदतपूर्व जन्म अशा प्रत्येक ठिकाणी जमू शकते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. उपचार संपवून फॉलोअपला येणाऱ्या काही पालकांना बोलावणे, त्यांच्यात रोजंदारीवरच्या आणि परगावच्या कुटुंबांनाही आवर्जून घेणे, महिन्यातून एकदा विभागप्रमुखांसोबत त्यांची बैठक ठेवणे आणि दर बैठकीतून निदान एक बदल प्रत्यक्षात आणणे, एवढ्यावर कोणतेही बालरुग्णालय ही सुरुवात करू शकते.