कासवाचे कवच, त्याचे पापुद्रे आणि घरातील लहान मूल

मुलांच्या डॉक्टराने स्मरणिकेसाठी कासवावर लिहावे, हे आमच्या व्यवसायबंधूंना कदाचित विचित्र वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत तुकोगंजातील माझ्या दवाखान्यात लसीकरणाच्या वेळापत्रकाखालोखाल ज्या अनपेक्षित विषयावर मला प्रश्न येतात, तो विषय कासव हा आहे. कोणी वास्तूसाठी शुभ म्हणून आणतात, कोणी मुलाने कुत्र्यासाठी हट्ट धरला म्हणून तडजोड करतात. कुत्रा भुंकतो, मांजर घर सोडून जाते, कासव बिचारे काहीच करीत नाही, अशी त्यामागची समजूत असते. ते काहीच करीत नाही असे दिसते, आणि नेमके म्हणूनच त्याचे दुखणे उशिरा कळते.

आपल्या परंपरेत कासवाला मोठा मान आहे. कूर्मावतार आहे, शिवमंदिरात नंदीपुढे दगडात कोरलेले कासव आहे, आणि कासवी केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते ही संतवाङ्मयातील कल्पना तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. कल्पना सुंदर आहे. प्राणिशास्त्र मात्र वेगळे सांगते. मादी मातीत किंवा वाळूत अंडी पुरून निघून जाते आणि पिलू पहिल्या दिवसापासून स्वतःचे स्वतः जगते. काचेच्या टाकीतील पिलाला तर कोणाच्याच दृष्टीचा उपयोग नाही. त्याला ऊब, ऊन, चुना आणि स्वच्छ पाणी हवे असते.

गेल्या पावसाळ्यात परिचयाच्या एक आजी नातीला खोकल्यासाठी घेऊन आल्या. औषध लिहून झाल्यावर त्यांनी पर्समधून कुंकवाची रिकामी डबी काढली. आत नखाएवढे, अभ्रकासारखे पातळ आणि पारदर्शक असे दोन-तीन तुकडे होते. ''डॉक्टर, आमच्या कासवाचं कवच सोलून निघतंय हो. वाचेल ना ते?'' नात माझ्याकडे असे पाहत होती की जणू मी निकाल सुनावणार आहे.

निकाल चांगला होता. कासवाचे कवच म्हणजे पाठीवर घेतलेली पेटी नव्हे. तो त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. मणके व बरगड्या रुंदावून एकमेकांना जोडल्या जातात आणि त्यांचे हाडांचे छत तयार होते. या हाडावर जिवंत त्वचेचा थर, आणि त्यावर आपल्या नखांच्याच द्रव्याची, म्हणजे केराटिनची, फरशीसारखी बसवलेली तबके असतात. बाजारात मिळणाऱ्या, कानामागे लाल पट्टा असलेल्या कासवाच्या पाठीवर साधारणपणे अशी अडतीस तबके असतात आणि पोटाकडे बारा. गंमत अशी की तबकांचे सांधे आणि खालच्या हाडांचे सांधे एकमेकांवर येत नाहीत. गवंडी विटांचे थर सांधा चुकवून रचतो, तीच ही युक्ती.

पाण्यातले कासव वाढते तेव्हा प्रत्येक तबकाखाली नवे, थोडे मोठे तबक तयार होते आणि जुन्याचा पापुद्रा सुटून पडतो. साप कात टाकतो तसे हे एका दमात होत नाही. आज एक, चार दिवसांनी दुसरे, असे चालते. पिलू झपाट्याने वाढत असल्याने त्याचे पापुद्रे वरचेवर पडतात, प्रौढाचे क्वचित. सुटण्याआधी पापुद्र्याखाली हवा शिरते आणि तो भाग पांढुरका, चंदेरी दिसतो. पुष्कळ लोक त्यालाच बुरशी समजतात. पडलेला तुकडा तबकाच्या आकाराचा, पातळ व बिनवासाचा असावा आणि खालचे कवच टणक व स्वच्छ असावे. डबीतले तुकडे अगदी तसेच होते. जमिनीवर राहणारी कासवे सहसा असे पापुद्रे टाकीत नाहीत. त्यांच्या तबकांवर वलये वाढत जातात. तेव्हा जमिनीवरच्या कासवाचे तबक निघू लागले, तर ते मात्र साधे समजू नये.

सुटत आलेला पापुद्रा नखाने ओढून काढण्याचा मोह मुलांना हमखास होतो. तो आवरावा. खाली जिवंत, संवेदना असलेली त्वचा आहे. ओढल्यास जखम होते आणि टाकीतल्या पाण्यातील जंतूंना दार उघडे मिळते. आपल्याकडे चमक यावी म्हणून कवचाला खोबरेल तेल चोळतात, काही घरी हळदही लावतात. तेलाच्या थरावर घाण बसते आणि ऊनही नीट पोहोचत नाही. रंगाने नावे लिहिण्याबद्दल तर बोलायलाच नको.

काळजी कधी करावी? कवचावर खड्डे पडले, तबकाखालून दुर्गंधी किंवा द्राव येऊ लागला, गुलाबी-लालसर डाग दिसले, तर तो कवचकुजीचा प्रकार असतो आणि त्यातून जंतू रक्तात जाऊ शकतात. पापुद्रे एकावर एक साचून राहत असतील, तर कासवाला पूर्ण कोरडे होऊन ऊब घेण्यासाठी जागा नाही, असा बहुधा अर्थ होतो. उलट, ते सारखेच गळत असतील तर आधी खाणे फार होते आहे का आणि पाणी खराब आहे का, हे पाहावे.

आणि कवच दाबल्यावर मऊ लागले, तर बालरोगतज्ज्ञाला निदान सांगायला वेळ लागत नाही: तो मुडदूस आहे. कारणेही तीच. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील ब किरण लागतात, आणि खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. बाळाला बंद काचेच्या खिडकीत ऊन देणाऱ्या आयांना मी वर्षानुवर्षे जे सांगतो, तेच कासवाच्या मालकांना सांगतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे, उघड्या टबात, निम्म्या भागावर सावली ठेवून न्यावे. काचेची टाकी उन्हात ठेवू नये. इंदूरच्या मे महिन्यात आतले पाणी थोड्या वेळात जीवघेणे तापते. घरातच ठेवायचे असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा अतिनील ब दिवा लागतो. तो सहा महिने ते वर्षभरात बदलावा, कारण दिवा उजेड देत राहतो, पण त्यातील किरण केव्हाच संपलेले असतात.

चुन्यासाठी एक सोपा उपाय आपल्या पंसाऱ्याकडेच मिळतो. आयुर्वेदात समुद्रफेन म्हणून वापरतात ते खरे तर माकूळासारख्या एका सागरी प्राण्याचे अंतर्कवच असते व त्यात भरपूर कॅल्शियम कार्बोनेट असते. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवला की कासव त्याला कुरतडत राहते. पालक वारंवार देऊ नये. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. पोळी, भात, बिस्किटे हे कासवाचे अन्न नव्हेच.

आहाराची दुसरी चूक डोळ्यांत दिसते. दुकानदार वाळलेल्या झिंग्यांची बाटली देतो आणि महिनोन् महिने तेवढेच दिले जाते. मग एके दिवशी पापण्या सुजून डोळे मिटतात आणि डोळे दिसेनासे झाल्याने कासव खाणेही सोडते. घरातले लोक माणसाचे डोळ्यांचे थेंब घालत बसतात. हा बहुधा अ जीवनसत्त्वाचा अभाव असतो. आपण मुलांना नऊ महिन्यांपासून ज्यासाठी अ जीवनसत्त्वाचे डोस देतो, त्याच जातीचा हा आजार. गाजर, लाल भोपळा व चांगल्या प्रतीचे तयार खाद्य यांनी तो टळतो. मात्र स्वतःच्या मनाने अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देववू नये. मात्रा जास्त झाली तर कासवाची कातडी सोलून निघते. पिलाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड खाणे पुरते.

पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि बाहेर बसण्याची कोरडी जागा ३० अंशांच्या थोडी वर असावी. आपल्या डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडते, कासव खात नाही, आणि लोक ''झोपलंय'' म्हणून सोडून देतात. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पोहताना एका बाजूला कलणे ही न्यूमोनियाची लक्षणे आहेत. त्याला पशुवैद्यकाकडेच न्यावे. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला फार दूर नाही.

आता आजींच्या डबीकडे परत येतो. कवच ठीक आहे हे सांगून झाल्यावर मी सवयीने विचारले की टाकी कुठे धुता. ''स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, अजून कुठे?'' आणि त्या घरी दीड महिन्याचे बाळ होते. त्याच्या बाटल्या त्याच सिंकमध्ये धुतल्या जात होत्या.

कासवाच्या आतड्यात साल्मोनेला जंतू कोणतेही लक्षण न दाखवता राहतात. ते विष्ठेतून अधूनमधून बाहेर पडतात, म्हणून एक तपासणी निर्दोष आली तरी कासव जंतुमुक्त ठरत नाही. प्रतिजैविके देऊनही ते निघत नाहीत. फक्त औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. पाण्यातून, टबातून, हातांतून ते पसरतात, त्यामुळे बाळाने कासवाला स्पर्शही करण्याची गरज नसते. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीला बंदी आहे, कारण एवढे कासव मूल सहज तोंडात घालते. तरीही २००७ साली फ्लोरिडात काही आठवड्यांचे एक अर्भक याच जंतूच्या संसर्गाने दगावले, आणि घरातील छोट्या कासवात तोच जंतू सापडला. मोठ्या मुलाला जुलाब-तापावर निभावते. तान्ह्या बाळात जंतू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जातात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे आणि ते सौम्य करण्याची माझी इच्छा नाही: पाच वर्षांखालील मूल, वयोवृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती ज्या घरात आहे, तिथे कासव ठेवू नये. इतरांनी कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकी स्वयंपाकघरात धुवू नये, तिचे पाणी संडासात ओतावे, आणि कासवाची पापी घेणे बंद करावे. व्यवसायबंधूंना एवढेच सुचवतो की रक्तमिश्रित जुलाब किंवा तान्ह्या बाळाचा अस्पष्ट ताप असेल तेव्हा घरातील प्राण्यांविषयी विचारावे. निरोगी मोठ्या मुलाच्या साध्या साल्मोनेला अतिसारात प्रतिजैविक सहसा लागत नाही, उलट जंतू जास्त दिवस विष्ठेत राहतात. तीन महिन्यांखालील बाळात मात्र रक्ताचे कल्चर व उपचार यांत हयगय नको.

त्या घरातील कासव पुढच्याच रविवारी मामाकडे गेले. नात रडली, पण मामांकडे मोठी टाकी, दिवा आणि गच्ची आहे. बाळाला सुदैवाने काही झाले नाही.

सगळ्यांना असे मामा नसतात, आणि इथून दुसरा अनर्थ सुरू होतो. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढे दिसणारे हे पिलू, मादी असल्यास, वीत-सव्वा वीत लांब होते आणि वीस-तीस वर्षे जगते. टाकी पुरेनाशी झाली की भाविकपणे सिरपूरच्या तलावात सोडून पुण्य जोडले जाते. हे कासव मूळचे अमेरिकेतले. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जीवजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ सालीच थांबवली. आपल्या तळ्यांतील कासवांच्या अन्नावर व ऊन खाण्याच्या जागांवर ते अतिक्रमण करते. सिरपूर व यशवंतसागर २०२२ साली रामसर यादीत आले. तिथे तरी हे पुण्य करू नये.

देशी कासव पाळण्याचा विचार तर मनातही आणू नये. पाठीवर तारे असलेले कासव किंवा पावसाळ्यात शेतातून, नाल्यातून अंगणात येणारे मऊ पाठीचे कासव बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अनुसूची एकमधील प्राण्यासाठी तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. असे कासव दिसल्यास त्याला टबात न ठेवता वनविभागाला फोन करावा. आणि पाळलेले परदेशी कासव नकोसे झाले, तर आधी प्राणिसंग्रहालयात चौकशी करावी, किंवा ज्याच्याकडे जागा, दिवा आणि सवड आहे, पण तान्हे मूल नाही, असे घर शोधावे.