विश्लेषण : एकाच व्याख्येतून अनेक भाषांचा कोड कसा तयार होतो?

मोबाइलवरील अ‍ॅप एका प्रोग्रामिंग भाषेत, सर्व्हर दुसऱ्या आणि हिशेबाची यंत्रणा तिसऱ्याच भाषेत लिहिलेली असते. एकाच माहितीचा अर्थ तिन्हींनी सारखाच लावायला हवा. ही जुळणी हाताने करताना चुका होतात. त्यामुळे ‘फंक्शनल’ भाषांच्या धाटणीने माहितीचे वर्णन एकदाच लिहून इतर भाषांचा कोड यंत्राकडून तयार करून घेतला जातो. पायथनचा कंपायलरही याच पद्धतीचा आधार घेतो.

फंक्शनल भाषांचेच टाइप का?

रेल्वे तिकिटाचे उदाहरण घेऊ. तिकीट कन्फर्म असेल तर डबा आणि बर्थ क्रमांक हवा, वेटिंग असेल तर प्रतीक्षायादीतील क्रमांक, रद्द असेल तर परताव्याची रक्कम. अनेकदा हे सारे रकाने एकाच नोंदीत ठेवून नको ते रिकामे सोडले जातात. मग एखाद्या दिवशी वेटिंगच्या तिकिटालाही बर्थ क्रमांक चिकटतो आणि प्रवासी भांडायला येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. हॅस्केल, ओकॅमल, एमएल या भाषांत ‘तिकीट म्हणजे कन्फर्म किंवा वेटिंग किंवा रद्द’ असे मोजक्या ओळींत लिहिता येते आणि प्रत्येक पर्यायासोबत फक्त त्याचाच तपशील राहतो. चुकीची नोंद करायला जागाच उरत नाही. पुढे ‘आरएसी’ हा चौथा पर्याय जोडला, तर तो कुठे कुठे हाताळायचा राहिला हेही कंपायलर दाखवून देऊ शकतो.

पायथनने काय केले?

प्रिन्स्टन विद्यापीठातील डॅनियल वाँग, अँड्र्यू अ‍ॅपेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘एएसडीएल’ ही छोटी वर्णनभाषा मांडली. तिची धाटणी एमएलच्या टाइपसारखी आहे. पायथनने २००६ मधील २.५ आवृत्तीत ती स्वीकारली. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम कंपायलरच्या आत झाडासारख्या रचनेत मांडला जातो. या झाडाच्या फांद्यांचे सगळे प्रकार सुमारे दीडशे ओळींच्या एका फाइलमध्ये आहेत आणि त्यावरून निघणारा सी भाषेतील कोड हजारो ओळींचा आहे. २०२१ मध्ये ३.१० आवृत्तीत ‘मॅच’ हे विधान आले तेव्हा या फाइलमध्ये थोड्या ओळी वाढल्या आणि झाडाची सीमधील बांधणी यंत्राने केली. विधान प्रत्यक्ष चालवण्याचा कोड अर्थातच माणसांनी लिहिला.

मग अडचण कुठे येते?

सी भाषेला ‘किंवा’ नीट येत नाही. त्यामुळे तयार कोडमध्ये कोणता पर्याय आहे याची एक खूण असते आणि सर्व पर्याय मेमरीतील एकाच जागेत बसवलेले असतात. खूण वेटिंगची असताना कोणी बर्थ क्रमांक वाचला, तर कंपायलर अडवत नाही. तिथे असेल तो आकडा हाती येतो. मूळ भाषेतील हमी इथे गळते.

संख्यांचे दुखणे तर अधिक छुपे आहे. हॅस्केलचा ‘इंटिजर’ हवा तेवढा मोठा होतो. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या मात्र ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक ठेवते. या आकड्याच्या शेवटी ९९३ असेल, तर गुपचूप ९९२ होते. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचा क्रमांक मजकुराच्या रूपातही द्यायला सुरुवात केली, ती यामुळेच. असा क्रमांक पैशांच्या व्यवहाराचा असेल, तर रक्कम भलत्याच नोंदीवर पडू शकते.

हमी टिकवता येते का?

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचे ‘एव्हरपार्स’ हा त्यासाठीचा एक प्रयत्न. संदेशाच्या रचनेच्या वर्णनावरून ते सी कोड तयार करते आणि तो कोड दिलेल्या मेमरीबाहेर वाचणार नाही याची गणिती सिद्धता ‘एफ-स्टार’ या फंक्शनल भाषेत दिली जाते. कंपनीच्या ‘हायपर-व्ही’मध्ये नेटवर्कवरून येणाऱ्या संदेशांसाठी असा कोड वापरला जातो. २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ दोष नेमका याच जातीचा होता. पाठवणाऱ्याने सांगितलेल्या लांबीवर ओपनएसएसएलने विश्वास ठेवला आणि एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जाऊ लागली.

वर्णनच चुकले, तर ती चूक एकाच वेळी सर्व भाषांत पोहोचते. शिवाय नवा कोड ग्राहकांच्या फोनवर आधीपासून असलेल्या अ‍ॅपमध्ये आपोआप जात नाही. सर्व्हरने ‘आरएसी’ पाठवले तरी जुन्या अ‍ॅपला ते ठाऊक नसते. म्हणून जाणते प्रोग्रामर पहिल्याच दिवशी व्याख्येत ‘अनोळखी’ असा एक पर्याय ठेवून देतात.